धवलाईपुढे चाळीस राऊत

“घोडे आहेत, माणसंही आहेत,” मी म्हटलं. “पण माणसं घोड्यांवर का नाहीत?”

विश्रामकाका चितारींनी हातातली पटाशी खाली ठेवली नाही. ओसरीवर बसून ते कुठल्याशा लाकडी केळ्याची साल तासत होते. फळीवर माझं सैन्य मांडलेलं होतं. चाळीस घोडे एका बाजूला, पाठीवर खोगीर, पण रिकामे. दुसऱ्या बाजूला चाळीस माणसं, करंगळीएवढी, हात जोडून उभी. प्रत्येकाचा भाला त्याच्या पायाशी सुटा, आडवा आणि प्रत्येकाच्या मागे वहाणांचा एकेक जोड, डाळीच्या दाण्याएवढा. चाळीसच्या चाळीस जण अनवाणी.

“काका, मी लिहिलं होतं. घोडेस्वार. भाले उंच. चित्र काढून पाठवलं होतं.”

“चित्र बघलंय,” काका म्हणाले. “चित्रात देवी खंय होती?”

“देवी वेगळी आहे. ती टेबलाच्या कोपऱ्यात उभी राहते.”

“आणि हे तिच्याफुडे येतत. तुमीच लिवलास, लढायेआधी राऊत देवीफुडे येवन उभे ऱ्हवतत. मगे? घोड्यार बसान देवीफुडे कोण जाता, मास्तर? तुमी चपला घालून देवळात जातास?”

मी कोल्हापूरहून सकाळच्या एस.टी.नं सावंतवाडीला उतरलो होतो, तो दिवस गुरुवार. माझी पाठ दुखत होती, पोटात फक्त चहा होता आणि समोर चाळीस भाविक हात जोडून उभे होते. मला रडू येईल की हसू, हे मला काही क्षण कळेना. मग दोन्हीऐवजी संताप आला, आणि तो पुढचे तीन दिवस गेला नाही.

हे राऊत कोण, ते सांगायला हवं. मी त्या वेळी एक खेळ रचत होतो, सैन्यांचा खेळ. जेवणाच्या टेबलाएवढ्या पाटावर लाकडी टेकड्या, नदी, गढ्या मांडायच्या, दोघा खेळाडूंनी एकेक सैन्य घ्यायचं, फूटपट्टीनं मोजून ते पुढे सरकवायचं आणि फासे टाकून लढाई करायची. त्यातलं राज्य कुठल्याच नकाशावर नव्हतं, सगळं माझ्या डोक्यातलं. राऊत म्हणजे त्या राज्यातले घोडेस्वार सरदार, आणि धवलाई ही त्यांची देवी. नदीच्या उतारावर धुक्यातून ती पहिल्या राऊतासमोर आली आणि तिनं त्याच्या भाल्याला हात लावला, तेव्हापासून ते तिचे झाले, अशी गोष्ट मी लिहिली होती. नियम सरळ होता. धवलाई पाटावर उभी असेपर्यंत राऊतांना शत्रूचे बाण लागत नाहीत. फाशावर सहा पडले तरच एखादा लागतो.

या खेळापायी मी शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. सासरे त्यांच्या छपराच्या पत्र्यांच्या दुकानात बसायला बोलावत होते, आणि मी ‘जूनपर्यंत बघतो’ असं सांगून ठेवलं होतं. खेळण्यांच्या अकरा कंपन्यांना पत्रं लिहिली, उत्तर एकीचं आलं. मुंबईच्या त्या कंपनीत नवे खेळ निवडायचं काम तळपदे बाई पाहत. रविवारी त्या गाडीनं गोव्याला निघणार होत्या आणि वाटेत सावंतवाडीला तासभर थांबून खेळ बघायला तयार झाल्या होत्या. त्यांनी हो म्हटलं तर खेळ बाजारात येणार होता. नाही म्हटलं तर पत्रे.

आणि माझ्याकडे घोडदळच नव्हतं.

“हे बदलावं लागेल,” मी म्हटलं.

“बदलूक येना नाय. एकाच लाकडातसून कोरलले आसत. पांगारो. वायच जोर लागलो की फुटता.”

“मग नवे करा.”

“आयतवारपर्यंत चाळीस?” काका पहिल्यांदा हसले. “मास्तर, मी काय ब्रह्मदेव?”

एवढ्यात त्यांची मुलगी कुमुद आतून चहा घेऊन आली. तिशीची असेल. रंगकाम सगळं तिच्याकडे होतं, ते तिच्या नखांवरूनच दिसत होतं. ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायची आणि वडिलांशी मालवणीत, त्यामुळे दोन्ही पक्षांचं भांडण तिच्या कानांत दोनदा जात असावं.

“सर, मी त्यांना म्हटलं होतं, एकदा पत्र टाकून विचारूया,” ती म्हणाली. “तर म्हणतात, मास्तर शिकलेले, त्यांना एवढं कळत असणारच.”

“काय कळत असणार?”

“की देवीपुढे घोड्यावरून उतरतात.”

मी चहा घेतला. त्यात साखर जास्त होती. त्याचासुद्धा मला राग आला.

मग मी एक राऊत हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि मला उपाय सुचला. अजून मला त्या उपायाची लाज वाटते, पण त्या दुपारी मी स्वतःवर इतका खूश झालो की उरलेला चहा एका घोटात संपवला. माणसाला कमरेत कापायचं. वरचं धड खोगिरावर चिकटवायचं. पाय घोड्याच्या दोन्ही अंगांना रंगानं काढायचे. जोडलेल्या हातांमधून बारीक भोक पाडून त्यात भाला उभा खोचायचा. लांबून कोणाला काही कळणार नाही.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्या हातातला राऊत काढून घेतला आणि फळीवर इतरांच्या रांगेत नीट ठेवला.

“ह्येंचे पाय कापूक सांगतास?”

“लाकडाचे आहेत, काका.”

“ता माका ठावक आसा. मीच केलंय.”

“मग?”

मला वाटलं, आता हाकलून देतील. पण ते उठले, आतून बारीक पात्याची करवत घेऊन आले आणि पुन्हा बसले. “तुमचा खेळ, तुमची देवी,” म्हणाले. “कापतंय.”

शुक्रवार आणि शनिवार असेच गेले. काका कापत होते, मी खरकागदानं घासत होतो, कुमुद घोड्यांच्या पोटांवर पाय रंगवत होती. कापलेले खालचे भाग काका एका टोपलीत टाकत. टाकत म्हणजे ठेवत. मी एकदा घाईत दोन-चार भिरकावले तर त्यांनी काही न बोलता ते उचलून सरळ करून ठेवले. संध्याकाळी टोपलीत पायांचा ढीग झाला, प्रत्येकाच्या टाचेशी वहाणांचा जोड. कुमुदनं त्यावर फडकं घातलं.

बोलणं होत होतं ते एवढंच, की काका धवलाईबद्दल चौकशा करत. तिची मूर्ती त्यांनी आधीच केली होती, वीतभर उंच, आणि ती मात्र मला अगदी पाहिजे तशी होती. पांढरी नेसलेली, एक हात पुढे. चेहरा रागीटही नव्हता आणि गोडही नव्हता. ओळखीच्या बाईसारखा वाटायचा, एवढं खरं.

“ही देता काय?” काकांनी विचारलं.

“रक्षण. बाण लागत नाहीत.”

“आणि ह्येनी मागूचा काय लागता?”

“काही मागावं लागत नाही. ती असते म्हणून ते सुरक्षित असतात. आपोआप.”

“आपोआप पावस पडता, मास्तर. देवी आपोआप देना नाय.” करवत थांबली. “आमची गांवदेवी सातेरी बघा. घर बांधूचा म्हणान मी कौल लावलंय. तिना दिल्यान नाय. फुडल्या वर्सा परत लावलंय. तरी नाय.”

कौल म्हणजे देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही, हे मी ऐकून होतो. “मग काय केलंत?” मी विचारलं, कारण विचारलं नसतं तर करवत सुरू झाली नसती.

“काय करतलंय? वाट बघलंय. तिसऱ्या वर्सा दिल्यान.” त्यांनी भिंतीकडे हात केला, म्हणजे हेच ते घर. “तुमच्याकडे फासो आसा मां? मगे लढायेआधी ह्येंका घोड्यारसून उतरवा, गाऱ्हाणा घालूक लावा, आणि फासो टाका. कधी होय म्हणतली, कधी नाय म्हणतली.”

“नाही म्हणाली तर राऊत हरतील, काका.”

“हरतले. तरी लढतले मां? तेंकाच राऊत म्हणतत.”

मी घड्याळ पाहिलं. बावीस झाले होते, अठरा उरले होते. दोन वर्षं मी नियम लिहीत होतो, दोनशे लढाया एकट्यानं दोन्ही बाजूंनी खेळून तपासल्या होत्या, शक्यतांची कोष्टकं मांडली होती, आणि लाकडी केळी करणारा माणूस मला खेळ शिकवत होता. “काका,” मी म्हटलं, “तुम्ही फक्त कापा.”

त्यांनी कापलं. नंतर ते धवलाईबद्दल काही बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी शेवटच्या घोड्याला फट गेली. माणूस अजून कापायचा होता, आधी धडासाठी खाच करताना खोगिरापासून पोटापर्यंत तो उभा चिरला. दुसरा घोडा नव्हता, करायला वेळही नव्हता. एकोणचाळीस स्वार तयार झाले आणि एक राऊत राहिला, पायांसकट, हात जोडलेला.

“एकोणचाळीस पुरे,” मी म्हटलं. “याला टाकून द्या.”

कुमुदनं त्याला उचललं आणि स्वारांच्याच पेटीत, कोपऱ्यात, कापसात ठेवलं. मी पाहिलं, पण वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

रविवारी तळ्याकाठच्या एका लॉजचा वरचा हॉल मी मागून घेतला होता. दोन टेबलं जोडून पाट मांडला. काका येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते आले, धुतलेला सदरा घालून. पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली, माझ्या हातात दिली नाही. धवलाई कोपऱ्यात उभी केल्यावर ते हॉलच्या दाराबाहेर गेले, वहाणा काढल्या आणि दाराच्या आत भिंतीला टेकून उभे राहिले. कुमुद मला स्वार मांडायला मदत करत होती. तिनं तो एकटा राऊत पेटीतून काढून धवलाईच्या समोर ठेवला.

“तो कशाला?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“असू दे ना, सर. कुठे अडतोय?”

जिन्यावर पावलं वाजली म्हणून तो तिथंच राहिला.

तळपदे बाई पन्नाशीच्या असतील. सुती साडी, चष्म्याला साखळी, आणि हातात वेळ फार थोडा असल्याची घाई. “इंगवले ना तुम्ही? चला, सुरू करू. मला एक वाजायच्या आत बांद्याच्या पुढे जायचंय.” त्या बसल्या नाहीत, उभ्यानंच पाटावर वाकल्या. एक स्वार उचलून त्यांनी चष्म्याजवळ नेला. “काम सुंदर आहे. पण हे सगळे भाला असा का धरतात? दोन्ही हातांनी, छातीशी?”

“ती त्यांची पद्धत आहे,” मी म्हटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं इतक्या सहज.

मी त्यांना शत्रूचं सैन्य दिलं. दलदलीतले तिरंदाज, ते पुठ्ठ्याचे होते. बाई चांगल्या खेळल्या, हे कबूल करायला हवं. नियम एकदा सांगितले की पुन्हा विचारत नव्हत्या. पहिल्याच डावात त्यांनी तिरंदाज टेकडीवर चढवले, अंतर बरोबर मोजलं आणि फासे टाकले. चार. दोन. पाच. तीन.

“धवलाई उभी आहे,” मी म्हटलं. “एकही लागला नाही.”

दुसरा डाव. एक. पाच. चार. सहा. एक राऊत पडला. तिसरा डाव. तीन, तीन, दोन, पाच. माझे स्वार टेकडीच्या पायथ्याशी पोचले होते. मला आतून उकळ्या फुटत होत्या. खेळ चालत होता, मोजमाप बिनचूक होतं, एकही नियम अडखळला नाही.

बाईंनी फासे हातात घोळवले, पण टाकले नाहीत. “मी बाण मारू कशाला?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“ही तुमची देवी कधी नाही म्हणते का?”

“नाही. ती त्यांची देवी आहे. ते तिचे भक्त आहेत.”

“ते दिसत नाही ना पण. त्यांनी तिच्यासाठी काय केलं? ती कोपऱ्यात उभी आहे आणि हे तिच्याकडे पाठ करून पळतायत. इंगवले, ही देवी नाही. ही ढाल आहे, फक्त साडी नेसलेली.” त्या वाईट बोलत नव्हत्या. विचार करत बोलत होत्या. “बाकी सगळं नेटकं आहे हो. पण खेळून झाल्यावर माझ्या लक्षात काय राहणार?”

माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे ते भिंतीला टेकून अनवाणी उभं होतं. शुक्रवारी दुपारी ते मला न मागता अख्खं, उदाहरणासकट सांगण्यात आलं होतं. उतरवा, विचारा, फासा टाका, नाही म्हणाली तरी लढा. चार वाक्यं. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं, की ही बाई नाही म्हणणार. मी शक्यतांच्या कोष्टकाबद्दल काहीतरी बोलायला लागलो. सहात एक, छत्तीसात अकरा.

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या टेबलाच्या कोपऱ्याशी गेल्या होत्या. त्यांनी तो एकटा राऊत उचलला, तळहातावर ठेवला आणि चष्मा सारखा करून पाहत राहिल्या. मागच्या वहाणा त्यांना दिसल्या, तेव्हा त्या किंचित हसल्या.

“हा कोण?”

मी म्हणालो, “तो चुकलेला नग आहे.”

“चुकलेला?”

“कारागिराला सूचना नीट कळल्या नाहीत. एक तसा झाला. टाकायचा राहून गेला.”

कुमुद फासे गोळा करत होती, तिचे हात थांबले. तळपदे बाईंनी दाराकडे पाहिलं. “तुम्ही केलंत का हे?”

काका भिंतीपासून पुढे आले. ते एकदा माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. बाईंच्या तळहातावरच्या राऊताकडे बघितलं, मग धवलाईकडे.

“होय, बाईनूं,” ते म्हणाले. “माज्या हातसून चूक झाली. मास्तरांनी बरोबर लिवलेला होता.”

“एवढ्या वहाणा कोरून चूक?” बाई म्हणाल्या.

“म्हातारपण. ध्यानात ऱ्हवणा नाय.”

बाईंनी तो राऊत परत जागेवर ठेवला, होता तसा, देवीकडे तोंड करून. “मला हाच एक खरा वाटला,” त्या म्हणाल्या, माझ्याशी की काकांशी ते कळलं नाही. मग घड्याळ पाहिलं, पर्स उचलली, ‘विचार करून कळवते’ म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण ते महत्त्वाचं नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं. सभ्य भाषेत नकार होता. जूनमध्ये मी पत्र्यांच्या दुकानात बसलो. पाच वर्षांनी तोच खेळ मी स्वतः काढला, सगळा पुठ्ठ्याचा. त्यात राऊत लढाईआधी घोड्यांवरून उतरतात आणि धवलाईला विचारतात, आणि ती कधी होय म्हणते, कधी नाही. कॉलेजातली मुलं अजून तो खेळतात. एकदा तर एकानं मला सांगितलं की देवी नाही म्हणाली तरच लढाईला मजा येते. नियमांच्या पुस्तिकेवर नियमकर्ता म्हणून माझं नाव होतं. ती दुसऱ्यांदा छापताना मी विश्राम चितारी हे नाव घातलं, तेव्हा ते वाचायला काका नव्हते. असते तरी मी घेऊन गेलो असतो का, कोण जाणे. पहिली पुस्तिका काही मी नेली नव्हती.

तर नकाराबद्दल माझी तक्रार नाही. मला छळतात ती त्यानंतरची दहा मिनिटं.

बाई खाली गेल्या, पण गाडी निघाली नाही. मी खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं होतं आणि आतून वाफ येत होती. तो लॉजच्या नळावरून बादली भरून आणत होता. तळपदे बाई पोर्चच्या सावलीत उभ्या होत्या, पदरानं वारा घेत. मला वाटतं, त्यांना बोलायला कोणी मिळालं असतं तर बरंच वाटलं असतं.

मी वळलो. काका पेटीत भुसा सारखा करत होते. सगळा राग कोणावर तरी काढायलाच हवा होता, आणि समोर तेच होते.

“खोटं कशाला बोललात?” मी विचारलं. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“तुमी म्हणालास ना चुकलेलो,” काका शांतपणे म्हणाले. “मी नाय म्हटलं असतंय तर तुमी खोटे पडला असतास. बाई परत तुमचा ऐकान घेतली असती?” त्यांनी भुसा दाबला. “तुमचा काम व्हवचा होता. माका काय, मी केळी करतंय.”

काकांनी धवलाईला फडक्यात गुंडाळलं, काखेला घेतलं आणि तो राऊत सदऱ्याच्या खिशात टाकला. “ह्यो माका ऱ्हवांदे,” म्हणाले. मी मान हलवली असावी. ते दाराबाहेर गेले आणि जिन्याच्या तोंडाशी, खालचं बोलणं वर ऐकू येई तिथं, बाकावर बसून राहिले.

कुमुद पाटावरचे घोडे माझ्या हातात एकेक करून देत होती. खाली बादलीचा आवाज येत होता. ड्रायव्हर तिसऱ्यांदा पाणी आणायला गेला होता.

“सर,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबांनी जन्मात कोणापुढे चूक कबूल केलेली नाही. झालेलीसुद्धा नाही. आई त्याच रागानं दोनदा माहेरी गेली होती, तरी नाही.” तिनं पुढचा घोडा दिला. “आज न झालेली कबूल केली. आणि तीही देवीच्या समोर.”

मी तो घोडा भुशात ठेवला.

“त्या अजून खाली आहेत,” ती म्हणाली.

हो, होत्या. मला दिसत होत्या. जिना बावीस पायऱ्यांचा होता, सकाळपासून मी तो पाच वेळा चढलो-उतरलो होतो. खाली जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की बाई, चाळीसच्या चाळीस तसेच होते, मी त्यांना कापायला लावलं. कदाचित त्यांनी थांबून खेळ पुन्हा पाहिला असता, कदाचित नसता. पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसानं ते ऐकलं असतं, एवढं नक्की होतं.

“पुढचा द्या,” मी कुमुदला म्हटलं.

तिनं दिला. आम्ही घोडे ठेवत राहिलो, रांगेनं, एकमेकांना लागू नयेत अशा बेतानं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा सदतीस ठेवून झाले होते आणि दोन राहिले होते.